निरंक

समोरच्या जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कोणत्या प्रमाणाने कळते, या वरकरणी पोरकट वाटणाऱ्या प्रश्नावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके वाद घातला आहे. नैयायिक म्हणतात, घटाचा अभाव डोळ्यांनाच प्रत्यक्ष होतो, त्यासाठी निराळे प्रमाण कल्पिण्याचे कारण नाही. कुमारिल भट्टाचे अनुयायी आणि त्यांच्यामागून अद्वैती म्हणतात, जे मुळी नाहीच त्याच्याशी इंद्रियाचा संनिकर्ष व्हावा कसा, म्हणून अनुपलब्धी हे सहावे, स्वतंत्र प्रमाण मानले पाहिजे. हा कलह आजच्या वाचकाला शुष्क वाटेल; परंतु त्यात एका मुद्द्यावर या दोन्ही प्रतिपक्षांचे विलक्षण एकमत आहे, आणि तो मुद्दा असा की, नुसते न दिसणे पुरेसे नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही एवढ्यावरून तेथे घट नाही असे म्हणता येत नाही. उजेड हवा, दृष्टी निर्दोष हवी, आणि वस्तूही अशी हवी की ती तेथे असती तर खचित दिसली असती. ही योग्यतेची अट पुरी झाली तरच अनुपलब्धीला प्रामाण्य येते. पिशाच हे मुळातच दर्शनाला अयोग्य; म्हणून ‘मला तेथे पिशाच दिसले नाही’ एवढ्या आधारावर पिशाचाच्या अभावाचा निर्णय देण्याचा अधिकार शास्त्रकार कोणालाही देत नाहीत.

या अटीचे स्मरण करून देणारी एक जागा आपल्या राज्यकारभारात आहे, आणि तेथे ती अट सहसा कोणाच्या ध्यानात नसते. पशुवैद्यकीय दवाखान्यांतून महिनाअखेर वरच्या कचेरीकडे जे अहवाल रवाना होतात, त्यांत सांसर्गिक रोगांची यादी असते: फाशी, घटसर्प, फऱ्या, लाळखुरकूत. प्रत्येकासमोरच्या रकान्यात बहुतेक महिने एकच नोंद पडते: निरंक. तालुक्याचा निरंक जिल्ह्याच्या निरंकात मिळतो, जिल्ह्याचा राज्याच्या निरंकात, आणि सरतेशेवटी सबंध मुलूख निरोगी असल्याची हकिकत दप्तरी दाखल होते. ती खोटीच असते असे माझे म्हणणे नाही. पुष्कळदा ती खरीही असते. पण हा निरंक उजेडातल्या खोलीतला की अंधारातल्या, हे त्या कागदावरून कळण्याची काही सोय नसते. ज्या तालुक्यातून वर्षभरात रक्ताची एक काचपट्टीही तपासणीस गेलेली नाही त्याचा निरंक, आणि ज्या तालुक्याने शेकडो नमुने तपासून घेतले त्याचा निरंक, कागदावर सारखेच दिसतात. कुमारिलाने हा नमुना पाहिला असता तर त्याने शेजारी आणखी एक रकाना आखायला सांगितला असता, ‘किती तपासले?’ हा, आणि मला वाटते, खात्याने तो अजूनही आखावा.

न पाहता ‘नाही’ म्हणणे हा असत्याचाच एक प्रकार आहे, आणि मुक्या जनावरांच्या बाबतीत ते असत्य थोड्याच दिवसांत हिंसेचे रूप घेते. या एका विधानाभोवतीच माझा हा सारा विचार फिरतो आहे. पशूंच्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळा सुसज्ज असाव्यात की नसाव्यात हा प्रश्न आपण अंदाजपत्रकाचा समजतो, आणि समजावा हे स्वाभाविकही आहे. तथापि सत्य आणि अहिंसा ही ज्या समाजाने आपली परमतत्त्वे म्हणून सांगितली, त्याच्या दृष्टीने तो आधी धर्माचा प्रश्न आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. सकाळी गोठ्यात जाऊन पाहावे तो काल संध्याकाळपर्यंत चरत असलेली गाय मरून पडली आहे, पोट फुगले आहे, नाकातून आणि गुदद्वारातून काळसर, न गोठलेले रक्त आले आहे. घरातले म्हणतात, पान लागले असेल. शेजारी म्हणतो, कोणी काही खाऊ घातले असेल. म्हातारी म्हणते, देवीचे काही राहून गेले. जाणत्या पशुवैद्याच्या मनात मात्र फाशीचा संशय येतो, म्हणजे माणसात जिला काळपुळी म्हणतात तोच रोग; आणि तो पहिली गोष्ट कोणती करतो, तर शव उघडू देत नाही. कारण या रोगाचे जंतू हवेशी संबंध येताच कवचधारी बीजाणूंचे रूप घेतात आणि त्या जमिनीत दशकानुदशके जिवंत राहून नातवाच्या काळातील गुरांची वाट पाहतात. तो कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतो, नैसर्गिक छिद्रांत औषधात भिजवलेला कापूस कोंबतो, आणि खोल खड्डा खणवून चुन्यासह शव पुरण्याचा बंदोबस्त करतो. पट्टी प्रयोगशाळेत पोहोचते. पॉलिक्रोम मेथिलीन ब्लू या रंगात ती बुडविली जाते. आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या, चौकोनी टोकांच्या, साखळीने जोडलेल्या दांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी वलय दिसले की संशयाचा निश्चय होतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर, त्या क्षणी एक वस्तू पिशाचाच्या वर्गातून उठून घटाच्या वर्गात येऊन बसते. ती आता दर्शनाला योग्य झाली. आणि ती योग्य झाली म्हणूनच दुसऱ्या गोठ्यातल्या गाईच्या पट्टीवर ती न दिसणे, यालाही आता अर्थ आला.

या ‘नाही’चे मोल केवढे असते, ते बुळकांडीच्या इतिहासावरून कळते. गोठेच्या गोठे ओस पाडणाऱ्या या रोगाची आणि त्याच्या जातीच्या इतर साथींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या, हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८७१ साली आपला अहवाल सादर केला. १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडून तिच्यावर आल्फ्रेड लिंगार्ड यांची नेमणूक झाली. आणि १८९३ मध्ये, असले जंतू भर वस्तीत बाळगणे बरे नव्हे म्हणून, ती कुमाऊँच्या पहाडातील मुक्तेश्वरास हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच, आणि तिचे जन्मस्थान पुणे आहे ही गोष्ट पुणेकरांनाही, जे सहसा अशी गोष्ट विसरत नाहीत, फारशी ठाऊक नसते. पुढे मुक्तेश्वरासच बकऱ्यांच्या द्वारे सौम्य केलेल्या विषाणूची लस सिद्ध झाली, १९५४ पासून देशभर सामुदायिक टोचणीची मोहीम चालली, आणि रोग हटत हटत १९९५ साली त्याचा शेवटचा प्रादुर्भाव नोंदला गेला.

येथवरची हकिकत कोणत्याही विजयकथेसारखी आहे. तात्त्विक गोम पुढेच आहे. रोग दिसेनासा झाला, पण तो नाही असे जाहीर करायचे कशाच्या जोरावर? लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात जी प्रतिपिंडे सापडतात, तीच रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तातही सापडतात. म्हणजे ज्या टोचणीने गुरे वाचविली, तिनेच खोलीत अंधार केला होता. पाहायचे असेल तर टोचणी थांबविली पाहिजे, आणि थांबविली तर कोठे दबा धरून बसलेला रोग उघड्या कळपांवर तुटून पडण्याचे भय. हे भय पत्करून टोचणी थांबविण्यात आली. कर्मचाऱ्यांनी गावोगाव फिरून रोगाचा शोध घेतला, आणि टोचणी थांबल्यानंतर जन्मलेल्या वासरांचे रक्त प्रयोगशाळांतून तपासले गेले. शेळ्यामेंढ्यांत बुळकांडीसारखीच लक्षणे दाखविणारा पीपीआर हा दुसराच रोग देशात आहे, हेही प्रयोगशाळांनीच उलगडून दाखविले. नाहीतर प्रत्येक हगवण लागलेली शेळी बुळकांडीच्या खात्यावर जमा होत राहिली असती. २००६ साली भारत या रोगाच्या संसर्गापासून मुक्त ठरला, आणि २०११ साली बुळकांडी पृथ्वीतलावरून नाहीशी झाल्याची घोषणा झाली. मानवाने समूळ नष्ट केलेला हा दुसरा रोग. देवी हा पहिला. एवढा मोठा अभाव सिद्ध करण्याचे कार्य कोणा योग्याने केले नाही. ते रक्तद्रवाच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटविणाऱ्या अनाम तंत्रज्ञांनी केले, आणि मीमांसकांच्या प्रमाणशास्त्राला याहून मोठे भाष्य मिळाले असेल असे मला वाटत नाही.

येथे दैववादी आक्षेप घेईल की, साथ ही ईश्वरी क्षोभाची किंवा प्रजेच्या पापाची खूण आहे, तिला नळ्या आणि काचा काय करणार. या आक्षेपाला परंपरेबाहेर उत्तर शोधण्याची आवश्यकता नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे सबंध प्रदेश उजाड करणाऱ्या साथींचा, एक अध्याय आहे. पांचालातील काम्पिल्य नगरीत, गंगेच्या तीरावर, पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह हिंडत असताना संभाषणास आरंभ होतो, आणि अग्निवेश एक मार्मिक शंका विचारतो: माणसांच्या प्रकृती, आहार, वये सारी भिन्न असताना एकाच वेळी एकाच व्याधीने ती सारी मरतात कशी? आत्रेयाचे उत्तर, वायू, जल, देश आणि काल ही सर्वांना समान असलेली चार द्रव्ये बिघडली म्हणजे. त्यांच्या बिघाडाचे मूळ तो अधर्मात दाखवितो, आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धीने केलेल्या गुन्ह्यात. दैववाद्याने येथपर्यंत वाचून ग्रंथ मिटला तर त्याला आपला विजय झाल्यासारखे वाटेल. पण याच अध्यायात आयुष्य नियत की अनियत असा प्रश्न पुढे येतो, आणि आत्रेय ते दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून ठेवतो. शिवाय सगळ्याच्या आधी, साथ अजून दिसत नसताना, केवळ ऋतूंचे आणि नक्षत्रांचे वैगुण्य पाहून, तो शिष्याला आज्ञा करतो की, भूमीचा रस जाण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेव. मागाहून त्यांत वीर्य उरणार नाही. शांततेच्या काळात केलेली तयारी हाही पुरुषकारच. आपल्याकडे साथ आली म्हणजे मंजुऱ्या निघतात, यंत्रे खरेदी होतात, पथके धावतात. साथ ओसरली की तंत्रज्ञांच्या जागा रिक्त राहतात, शीतकपाटे बंद पडतात, आणि विजेच्या लपंडावात नासलेला द्रव मोरीत ओतला जातो. आत्रेयाला यात प्रज्ञापराध दिसला असता; आपण त्याला काटकसर म्हणतो.

खेड्यातील श्रद्धेची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहणे मला मान्य नाही. गुरांत रोग शिरला की मरीआईचा गाडा शिवेपर्यंत ओढून नेणे, रोगाला गावाबाहेर घालविणे, हे विधी भयभीत माणसांनी आपल्या परीने केलेला पुरुषकारच आहेत. परंतु त्यांतील एक गोष्ट नीतिशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही: आपल्या शिवेबाहेर काढलेला रोग पलीकडच्या गावाच्या शिवेत जाऊन पडतो, आणि त्या गावाची गुरे आपल्या प्रार्थनेत कोठेच नसतात. आजारी बैलाला शुक्रवारच्या बाजारात नेऊन विकून टाकणारा शेतकरी मरीआईला मानीत नसेलही; कृत्य तेच आहे. त्याला दोष देणे मात्र सोपे नाही. इत्तला दिली तर बाजार बंद होणार, दूध कोणी घेणार नाही, आणि पदरात पडणार काय तर पंचनाम्याची एक प्रत. २०१९ साली ओडिशात प्रथम आढळलेला लम्पी हा चर्मरोग २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरला, जळगावकडून बातम्या येऊ लागल्या, गुरांचे बाजार बंद झाले. तेव्हा मेलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, ओढकामाच्या बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपयांची मदत राज्य सरकारने जाहीर केली. सत्य बोलण्याची किंमत एकट्या सत्य बोलणाऱ्यावर लादायची नाही, हे तत्त्व त्या आदेशात होते, मग तो काढणाऱ्यांच्या मनात ते असो वा नसो.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण धर्मचर्चेत ती सहसा वगळली जाते. जिवंत गाईची पूजा करणाऱ्या समाजाने मेलेल्या गाईला हात लावण्याचे काम गावकुसाबाहेर लोटले, आणि ते करणाऱ्यालाच अस्पृश्य ठरविले. ढोर ओढून नेणे, सोलणे, फाडणे, हे ज्यांच्या माथी मारले गेले होते, त्यांनी फुप्फुसे, यकृते, सडलेले मांस रोज पाहिले. कोणता रोग शरीरात कोठे घर करतो याचे प्रत्यक्ष ज्ञान गावात कोणाला असेल तर ते त्यांनाच असणार, आणि फाशीने मेलेल्या गाईचे कातडे सोलताना काळपुळीही त्यांनाच होणार. त्यांना कोणी विचारले नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा जो उपदेश केला, तो माणुसकीच्या हक्काचा होता आणि पूर्णतः न्याय्य होता. शवविच्छेदन आज पदवीधर करतात, पांढरा डगला आणि रबरी हातमोजे घालून. त्या कामाला प्रतिष्ठा आली. पण आपल्या भूतदयेला मृत देहाचा विटाळ होता, आणि म्हणून ती शेकडो वर्षे अडाणी राहिली, हा हिशेब आपल्या धर्मचिंतनाने अजून केलेला नाही.

भूतदयेचे आपले आवडते चित्र संत एकनाथांचे आहे: काशीहून रामेश्वराकडे नेत असलेल्या कावडीतील गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणारे. हे चित्र उदात्त आहे यात शंका नाही. त्यात गाढव डोळ्यांसमोर आहे, त्याची तडफड दिसते आहे, आणि कृपेचे फळही तत्क्षणी दिसते. मुंबईत परळला १८८३ साली दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने जनावरांसाठी उभे राहिलेले बाई साकरबाई रुग्णालय, जागोजागच्या पांजरपोळी, सारी याच दयेची अपत्ये. साथीच्या रोगात मात्र या दयेची पंचाईत होते. काचपट्टीवर ज्या गाईचे रक्त आहे ती मरून गेलेली आहे. प्रयोगशाळा तिला काहीही देऊ शकत नाही. जे काही मिळणार ते चार कोस पलीकडल्या, निदान करणाऱ्याने कधी न पाहिलेल्या गुरांना, आणि तेही अशा रूपाने की ती आजारी पडणार नाहीत, म्हणजे कोणाला काही दिसणारच नाही. अदृष्ट जिवांवरील ही दया कोणाचे डोळे पाणावत नाही, तिच्यासाठी देणगीचा फलक लागत नाही. आणि तरी मला ती नाथांच्या दयेच्या पुढची पायरी वाटते, कारण तीत दयाळू माणसाला आपल्या दयेचे दर्शनसुखही मिळत नाही. गाय माता की उपयुक्त पशू, हा सावरकरांच्या काळापासून चाललेला वाद येथे बाजूला ठेवण्यास हरकत नाही. घटसर्प दोन्ही पक्षांच्या गाईंना सारखाच होतो.

आता सर्वांत कठीण प्रश्न. निदानानंतर कधी कधी मारावे लागते. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असाध्य वेदनेने तळमळणाऱ्या वासराला इंजेक्शन देऊन मारण्याचा निर्णय गांधीजींनी घेतला, तेव्हा अहिंसावाद्यांनी त्यांच्यावर पत्रांचा भडिमार केला. पण तेथे निदान वासराच्या हिताचा दावा तरी करता येत होता. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मरू लागल्या होत्या. हा नेहमीचा रानीखेत, म्हणजे मानमोडी, असे पुष्कळ व्यावसायिकांचे म्हणणे होते. नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत गेले, आणि १८ तारखेस बर्ड फ्लूचे निदान जाहीर झाले, भारतातील पहिले. मग ठराविक परिघातील सगळे पक्षी, आजारी तसेच धडधाकट, लाखांनी मारून पुरण्यात आले. निरोगी कोंबडीच्या दृष्टीने पाहिले तर तिच्या हिताचा तेथे लवलेशही नव्हता. हे कृत्य अहिंसाच आहे असे सिद्ध करण्याचा जो तार्किक खटाटोप काही जण करतात, तो मला रुचत नाही. ती हिंसा होती, आवश्यक होती, आणि हिंसाच होती. एवढेच म्हणता येते की, तिचा परीघ आपल्या अज्ञानाच्या मापाने वाढतो. रोग पहिल्या खुराड्यात ओळखला गेला तर मारावयाचे पक्षी शेकड्यांत राहतात. तो ओळखण्यात जितका काळ जातो तितके वर्तुळ फुगते, आणि ज्यांच्या अंगी रोग नाही असे जीव केवळ आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून मरतात.

म्हणून तालुक्यातून नमुना बर्फाच्या पेटीत कितव्या तासाला निघतो, एसटीच्या टपावर उन्हात तापतो की प्रयोगशाळेत वेळेवर पोहोचतो, पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागात अथवा जिल्ह्याच्या ठिकाणी तो लावून घ्यायला त्या दिवशी तंत्रज्ञ हजर आहे की पद रिक्त आहे, आणि निकाल वरच्या कचेरीतच न थांबता ज्याचे जनावर त्याच्या हाती परत जातो की नाही, या क्षुद्र दिसणाऱ्या बाबी मी धर्मविचाराच्या कक्षेबाहेर ठेवू शकत नाही. कोंबड्यांच्या साथीत भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. निदान जितके लांबते तितका मालक भिकेला लागतो. आणि पुढच्या खेपेस पहिली दहा पिल्ले मान टाकू लागली की तो दवाखान्यात इत्तला द्यायला जाईल, की उरलेला माल रातोरात टेम्पोत भरून परजिल्ह्यात खपवील, हे त्याच्या सद्‌गुणांपेक्षाही मागच्या खेपेस त्याच्या नमुन्याचा निकाल किती दिवसांनी आला होता, यावर अवलंबून असते.